हॅडली क्रीकचा ड्युटी-चार्ट

चोरीपेक्षा शोभनाला जास्त राग आला तो पन्नास मिनिटांचा.

२००२ सालचा ऑक्टोबर. हॅडली क्रीक हे शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या पश्चिमेला वीस मिनिटांवरचं छोटं गाव. शोभना रेगे आणि तिचा नवरा श्रीरंग तिथे अठरा वर्षं राहत होते. श्रीरंग रोज ट्रेनने शिकागोला नोकरीला जायचा. शोभना हॉस्पिटलच्या लॅबमधून वर्षापूर्वी रिटायर झालेली. त्या दिवशी दुपारी ती ग्रोसरी घेऊन आली, तर मागच्या दाराची काच फुटलेली आणि घरातले सगळे ड्रॉवर जमिनीवर. लॅपटॉप गेला होता, कॅमेरा गेला होता, दोन बांगड्या गेल्या होत्या. ओट्यावरचा चिवड्याचा डबासुद्धा गेला होता. तिने नाइन-वन-वनला फोन लावला तेव्हा घड्याळात दोन चाळीस झाले होते. घरात थांबू नका, बाहेर उभ्या राहा, असं पलीकडच्या बाईने सांगितलं. म्हणून दुधाचा कॅन हातात धरून शोभना ड्राइव्हवेत उभी राहिली. पोलीस आला तेव्हा साडेतीन वाजले होते.

"हायवेवर ॲक्सिडेंट होता, मॅम," तो म्हणाला. "रस्त्यावर मी एकटाच होतो."

"एकटाच? अख्ख्या गावाला?"

त्याने खांदे उडवले आणि वही काढली.

संध्याकाळी श्रीरंग घरी आला, सगळं फिरून बघितलं आणि म्हणाला, "चिवडा नेला म्हणजे माणूस चवीचा दिसतोय." एरवी ती हसली असती. त्या दिवशी नाही हसली.

डिसेंबरात गावच्या बोर्डाची सभा होती. हायवेवरचं मोठं दुकान बंद पडल्यामुळे गावाचं सेल्स टॅक्सचं उत्पन्न घटलं होतं. पुढच्या वर्षी दोन नवे पोलीस घ्यायचे की मेपल स्ट्रीटवरचं कम्युनिटी सेंटर चालू ठेवायचं, दोन्ही जमणार नाही, अशी चर्चा चालली होती. निर्णय मार्चमध्ये व्हायचा होता. तोवर थोडी बचत म्हणून जानेवारीपासून सेंटर बुधवारी बंद ठेवायचं ठरलं. शोभना आयुष्यात पहिल्यांदा माइकपुढे उभी राहिली. तीन मिनिटं मिळाली होती, तिने पन्नास मिनिटांची हकिगत सांगितली. शेवटी आवाज चढला आणि ती म्हणाली, "पत्ते खेळणाऱ्यांना ऊब मिळावी म्हणून गावाकडे पैसा आहे, आणि पोलिसांसाठी नाही?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या आठवड्यात बोर्डाने तिला नागरिकांच्या बजेट कमिटीवर घेतलं. सात माणसांची कमिटी, अध्यक्ष मार्ज लिंडस्ट्रॉम नावाच्या निवृत्त शाळा-मुख्याध्यापिका. शोभनाचं वाक्य मात्र गावच्या साप्ताहिकात फोटोसकट छापून आलं, आणि तिथेच घोटाळा झाला.

कारण त्या पत्ते खेळणाऱ्यांमध्ये प्रल्हादराव वैरागडे होते.

प्रल्हादराव त्र्याहत्तर वर्षांचे. नागपूरला एसटीच्या डेपोत एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते. कोणती गाडी किती वाजता सुटणार, तिच्यावर कोण ड्रायव्हर, कोण कंडक्टर, हे सगळं त्यांच्या हातात. बायको गेल्यावर मुलगा संजय त्यांना इकडे घेऊन आला. संजय आणि सून रत्ना दोघंही आयटीत, सकाळी साडेसातला घराबाहेर पडणारी. दिवसभर प्रल्हादराव खिडकीशी बसून रस्त्यावरच्या गाड्या मोजायचे. एकदा रत्ना रडवेली होऊन शोभनाला म्हणाली होती, "मावशी, बाबा काल मला विचारत होते, शेजारच्यांची निळी गाडी चार दिवस लेट का सुटतेय म्हणून." तेव्हा शोभनानेच त्यांना गाडीत घालून मेपल स्ट्रीटच्या सेंटरवर नेलं होतं. जुन्या फायर स्टेशनची इमारत होती ती. सकाळी म्हाताऱ्यांचं जेवण आणि पत्ते, दुपारी शाळा सुटल्यावर मुलांचा अभ्यास आणि टेबल-टेनिस. महिन्याभरात प्रल्हादरावांनी तिथल्या दोन पोलिश म्हाताऱ्यांना आणि एका निवृत्त पोस्टमनला रमी शिकवली. त्यांचं इंग्रजी मोडकं, त्या पोलिश लोकांचंही मोडकं, त्यामुळे गप्पा छान चालायच्या.

संक्रांतीला रत्नाने मराठी मंडळींना घरी बोलावलं. प्रल्हादराव नवं जाकीट घालून तिळगुळाची वाटी घेऊन फिरत होते. प्रत्येकाच्या हातावर लाडू ठेवत, गोड बोलायची आठवण देत, मुलांच्या डोक्यावर हात ठेवत. शोभनासमोर आले, तिच्या हातावर लाडू ठेवला आणि काही न बोलता पुढच्या माणसाकडे वळले.

लाडू तोंडात घालायचं शोभनाला काही सुधरेना. ती त्यांच्या मागे स्वयंपाकघरात गेली.

"प्रल्हादराव, तुम्ही माझ्यावर रागावलात का?"

"राग कशाचा बाप्पा? पेपरात आलं ते वाचलं. संजयने मराठीत सांगितलं." ते वाटीत बघत राहिले. "तुम्हीच मला तिथं नेऊन बसवलं ना ताई. आता तुम्हीच म्हणता, उठवा."

"मी तुम्हाला उद्देशून नव्हतं म्हटलं."

"पत्ते खेळणारे आम्ही चारच आहोत तिथं," ते म्हणाले, आणि पाहुण्यांत निघून गेले.

घरी जाताना गाडीत ती श्रीरंगला म्हणाली, "माझ्या घरी चोरी झाली. पोलीस हवेत असं म्हणण्यात काय चुकलं माझं?"

"पोलीस हवेत यात काहीच नाही चुकलं," श्रीरंग म्हणाला. "ते पत्त्यांचं जरा जास्त झालं."

फेब्रुवारीत मार्जबाईंनी कमिटीला सांगितलं की नुसत्या खुर्चीत बसून बजेट कळत नाही. प्रत्येकाने एक दुपार सेंटरवर घालवावी किंवा पोलिसांच्या गाडीतून फिरावं. शोभनाने अर्थातच पोलिसांची गाडी निवडली. तिला बुधवार मिळाला.

ऑफिसरचं नाव डेनिस कोव्हॅच. तिशीचा, सहा फुटांच्या वर उंच, आणि अंगाने असा की गाडी त्याच्यावर शिवून घेतल्यासारखी वाटायची. त्याने तिला पुढच्या सीटवर बसवलं आणि सांगितलं, "काही झालं तरी गाडीतून उतरायचं नाही." शोभना सीट बेल्ट लावून ताठ बसली. चोर पकडताना कसं वाटेल, अशी थोडी धडधडही होत होती.

तीन वाजून पाच मिनिटांनी पहिला कॉल आला. एका लाँड्रोमॅटच्या मालकाची तक्रार होती की सात-आठ पोरं आत येऊन बसलीत, कपडे काही धूत नाहीत. डेनिस आत गेला. पोरं ड्रायरला पाठ लावून गृहपाठ करत होती. बाहेर उणे दहा. "आज सेंटर बंद आहे," त्यातली एक मुलगी म्हणाली. डेनिसने मालकाची समजूत घातली, त्यातच वीस मिनिटं गेली. मग एका म्हातारीचा फोन, घरात कोणीतरी बोलतंय म्हणून. तो रेडिओ निघाला. डेनिसने तो बंद केला, तर ती म्हणाली आता आलाच आहेस तर कॉफी घे. मग पार्किंग लॉटमध्ये कार्ट ढकलत शर्यत लावणारी तीन मुलं, आणि त्यातल्या एकाने कोणाच्या तरी गाडीला दिलेली धडक.

"रोज असंच असतं का?" शोभनाने विचारलं.

"रोज नाही. बुधवारी." डेनिस हसला. "जानेवारीपासून आम्ही सगळे बुधवारची ड्युटी दुसऱ्याच्या गळ्यात घालायला बघतो."

शोभनाने त्याच्याकडे पाहिलं. लॅबमध्ये एखादा रिपोर्ट नेहमीपेक्षा वेगळा आला की तिच्या कपाळावर जी आठी पडायची, ती पडली. पण पुढे काही विचारायच्या आत रेडिओ खरखरला. बर्च लेनवर एक अनोळखी माणूस एका घराचं दार उघडायचा प्रयत्न करतोय. खिशातून किल्ल्या काढून एकामागून एक लावून बघतोय. चेहरा झाकलेला आहे. तेही भर दिवसा.

डेनिसचा चेहरा बदलला. त्याने लाइट लावले, सायरन लावला नाही, आणि दोन मिनिटांत बर्च लेनवर गाडी उभी केली. पायरीवर एक माणूस वाकून कुलपाशी झटत होता. तपकिरी माकडटोपी, त्यावर मफलर, गुडघ्यापर्यंत कोट. डेनिस उतरला, गाडीच्या दाराआड थांबला, एक हात कमरेपाशी नेला आणि मोठ्याने म्हणाला, "सर, माझ्याकडे वळा. हात मला दिसू द्या."

माणूस वळला नाही. टोपी आणि मफलरमधून त्याला ऐकूच गेलं नसावं. उलट तो कोटाच्या खिशात हात घालून काहीतरी शोधायला लागला.

ती टोपी शोभनाने ओळखली. ती उतरायचं नाही हे विसरली, दार ढकलून बाहेर पडली आणि बर्फावर घसरता घसरता ओरडली, "प्रल्हादराव! खिशातून हात काढा! इकडे बघा, मी शोभना!"

प्रल्हादराव वळले. आधी त्यांना शोभना दिसली, मग लाल-निळे लाइट, मग तो उंच पोलीस. त्यांनी दोन्ही हात सावकाश वर केले. उजव्या हातात किल्ल्यांचा जुडगा.

"ओळखीचे आहेत हो! माझ्या ओळखीचे आहेत!" शोभना डेनिसला मराठीतच म्हणाली. मग भान येऊन इंग्रजीत म्हणाली.

डेनिसने कमरेवरचा हात काढला आणि मोठा श्वास सोडला. "मॅम, मी तुम्हाला गाडीत बसायला सांगितलं होतं."

"हो. चुकलंच माझं," शोभना म्हणाली.

झालं होतं असं, की बुधवार म्हणून प्रल्हादराव घरीच होते. चार भिंतींचा कंटाळा येऊन ते फिरायला निघाले आणि एक वळण आधीच वळले. "सगळी घरं एकाच साच्यातली," ते चिडून म्हणाले. "तेच दार, तीच टपालपेटी, तेच झाड. किल्ली लागेना तर मला वाटलं थंडीने कुलूप आखडलं. माझा काय दोष सांगा."

डेनिसने दोन्ही खांद्यांना धरून त्यांना गाडीत मागे बसवलं आणि हीटर वाढवला. त्यांच्या हातांची बोटं पांढरी पडली होती. डेनिसने स्वतःच्या थर्मासमधली कॉफी त्यांना दिली. दोन घोट पोटात गेल्यावर प्रल्हादरावांना तरतरी आली. डेनिसच्या क्लिपबोर्डवरचा छापील कागद दोन सीटांमधल्या जाळीतून त्यांना दिसत होता.

"धिस," त्यांनी बोट दाखवलं. "ड्युटी-चार्ट?"

"हो सर. या महिन्याचा."

"गिव्ह."

डेनिसने शोभनाकडे पाहिलं. तिने मान हलवली. कागद मागे गेला. प्रल्हादरावांनी चष्मा लावला, आणि शोभनाला वाटलं, हा माणूस गेल्या दोन वर्षांत इतका सावध कधी दिसलाच नव्हता.

"हे कोणी लावलंय?" ते मराठीत म्हणाले. "सकाळी सहा ते दहा तीन माणसं. कशाला? तेव्हा कोण चोरी करतंय? आणि दुपारी तीनला सगळ्यांची ड्युटी एकदम बदलते. एकदम! अहो, शाळा सुटायच्या वेळेला डेपोत आम्ही ड्रायव्हरला चहाला सोडत नसू. ड्युट्या बदलणं तर लांबच राहिलं."

शोभनाने ते डेनिसला सांगितलं.

"बरोबर आहे त्यांचं," डेनिस म्हणाला. "अडीचला एक गाडी ऑफिसात जाते, रिपोर्ट लिहायला. पण वर्षानुवर्षं असंच चालत आलंय."

अडीच. शोभनाने फोन केला होता तो दोन चाळीसला.

गाडी वैरागड्यांच्या घरासमोर थांबली. तिथे त्यांची किल्ली लगेच लागली. दार उघडल्यावर शोभना म्हणाली, "प्रल्हादराव, पेपरात आलं ते मी न बघता बोलले. सेंटर बंद झालं की काय होतं, ते मला आज दिसलं. मला माफ करा."

त्यांनी टोपी काढली. विरळ केस विस्कटलेले होते. "अहो ताई, तुम्ही आज हाक मारली नसती तर कठीण होतं," ते म्हणाले. मग टोपीची घडी घालत म्हणाले, "तो चार्ट मात्र मला पुन्हा बघायचाय. आणि कॉल किती वाजता येतात, तेही लिहून ठेवत असतील ना हे लोक?"

ठेवत होते. कमिटीवर असल्यामुळे शोभनाने मार्जबाईंना विचारलं आणि चार दिवसांत ऑक्टोबरपासूनच्या कॉलच्या नोंदी फोटोकॉपी होऊन आल्या. दोन जाड गठ्ठे. त्यांनी रेग्यांचं जेवणाचं टेबल अडवलं. रोज सकाळी शोभना प्रल्हादरावांना घेऊन यायची. ते फूटपट्टी आणि रंगीत पेन्सिली घेऊन बसायचे, ती नोंदी वाचायची, ते गिफ्ट-रॅपच्या मागच्या पांढऱ्या बाजूवर रेघा मारायचे. आडव्या ओळीत दिवस, उभ्या ओळीत तास, आणि प्रत्येक कॉलला एक टिकली. श्रीरंग संध्याकाळी यायचा आणि हातात ताट घेऊन सोफ्यावर जेवायचा.

दोघांची भांडणंही व्हायची. जानेवारीचा पहिला आठवडा शोभनाने काढून टाकायला लावला. "तेव्हा बर्फाचं वादळ होतं. सगळेच कॉल गाड्या अडकल्याचे. तो आठवडा धरायचा नाही."

"असं कसं? गाडी सुटली ती सुटली. वादळ असो की काही."

"लॅबमध्ये सांडलेलं सॅम्पल आम्ही मोजत नाही."

"एसटीत बंद पडलेली गाडीसुद्धा मोजतात," प्रल्हादराव म्हणाले. पण पुसलं त्यांनी.

अकराव्या दिवशी चार्ट पूर्ण झाला. डिसेंबरपर्यंत बुधवारी दुपारी तीन ते सहा साधारण पाच कॉल. जानेवारीपासून दहा. थंडीत खरं म्हणजे कॉल कमी व्हायला हवे होते, आणि बाकीच्या दिवशी ते झालेही होते. फक्त बुधवारची ओळ टिकल्यांनी भरली होती. मग शोभनाने स्वतःच्या चोरीचा दिवस काढला. दोन चाळीसला तिचा कॉल. त्या दिवशी ड्युटीवर तिघं होते. एक हायवेवर, एक कोर्टात साक्षीला, आणि एक ऑफिसात, ड्युटी बदलायची म्हणून.

"म्हणजे माणूस होता," शोभना म्हणाली. "टेबलाशी बसला होता."

"होता. पण ताई, उगाच बाजू घेऊ नका." प्रल्हादरावांनी पेन्सिल ठेवली. "माणूस कमीही आहे. कोणी कोर्टात गेला, कोणी आजारी पडला, तर त्याच्या जागी जायला जादा माणूसच नाही. रिलीव्हर नसला की डेपो चालत नाही. दोन नकोत. पण एक पाहिजेच."

शोभनाने त्यांच्याकडे कौतुकाने पाहिलं. ज्याचं सेंटर बंद होणार होतं तोच माणूस पोलिसांसाठी माणूस मागत होता.

मार्चमध्ये कमिटीची खुली बैठक झाली. पोलीसप्रमुख वॉल्टर ब्रँट पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. पांढऱ्या मिशा, पंचवीस वर्षांची नोकरी. शोभनाने आणि संजयने गिफ्ट-रॅपचा नऊ फुटी कागद भिंतीला लावला. मागच्या बाजूचे सांताक्लॉज कडेला थोडे दिसत होते. आधी लोक हसले. शोभनाने समजावून सांगायला सुरुवात केल्यावर शांत झाले. आपण डिसेंबरात काय बोललो होतो, तेही तिने सांगितलं. "मी तेव्हा पन्नास मिनिटांबद्दल बोलले. ती मिनिटं खरीच होती. ती कुठे गेली ते मला माहीत नव्हतं, आणि मी पत्त्यांवर ढकलून मोकळी झाले."

ब्रँटसाहेब उठले. "मिसेस रेगे, हा तक्ता कोणी केला?"

"यांनी." तिने प्रल्हादरावांना पुढे बोलावलं.

"सर, तुम्ही पोलिसात होता?"

"नो सर. बस डेपो."

पुन्हा थोडा हशा पिकला. ब्रँटसाहेब हसले नाहीत. "बस उशिरा आली तर लोक थांबतात. माझा माणूस उशिरा पोचला तर कोणाचा जीव जाऊ शकतो. हे दोन्ही सारखं नाही."

शोभनाने ते मराठीत सांगितलं. प्रल्हादरावांनी भिंतीवरच्या तक्त्यावर हात ठेवला. मग मराठीतच बोलले, आणि शोभना एकेक वाक्य इंग्रजीत सांगत गेली.

"साहेब, माझ्या बसमध्ये दवाखान्यात जाणारी माणसं असायची. परीक्षेला जाणारी पोरं असायची. एकदा काटोलच्या गाडीला ड्रायव्हर नव्हता, म्हणून मी ती रद्द केली. बाळंतपणाला निघालेली एक बाई स्टँडवरच अडकली. बाळ वाचलं, बाई वाचली. पण त्या दिवसापासून मी ठरवलं, की माणूस कमी असला तर आहे तो नीट लावायचा, आणि जास्तीचा मागायचा. दोन्ही करायचं. मी तुमचा माणूस काढायला आलेलो नाही. तुम्हाला एक द्या म्हणायला आलोय. आणि सेंटर उघडं ठेवा, कारण आमच्यासारखे रिकामे लोक आणि ती पोरं तिथं बसली, की तुमचा माणूस लाँड्रीत अडकत नाही."

मागे दाराशी उभा असलेला डेनिस कोव्हॅच बुटांकडे बघत हसत होता.

ब्रँटसाहेब भिंतीपाशी गेले, चष्मा वर करून बराच वेळ तक्ता वाचत राहिले. "हा कागद माझ्याकडे ठेवता येईल?"

"येस सर," प्रल्हादराव म्हणाले. "बट पेन्सिल. नो रबिंग प्लीज."

पुढच्या सोमवारी पोलीस ऑफिसातून संजयला फोन आला. तो घाबरलाच. पण ब्रँटसाहेबांना त्याच्या वडिलांशी बोलायचं होतं. प्रल्हादराव इस्त्रीचा शर्ट घालून गेले, शोभना दुभाषी म्हणून. तीन तास खल झाला. रात्रीच्या ड्युटीला हात लावायचा नाही, तिथे दोघं लागतातच, यावर ब्रँटसाहेब हटले नाहीत, आणि कारण ऐकल्यावर प्रल्हादरावांनीही ते मान्य केलं. पोलिसांच्या युनियनशीही बोलावं लागणार होतं. पण सगळ्यांनी तीनला बदलायच्या ऐवजी निम्म्यांनी एकला आणि निम्म्यांनी पाचला बदलायचं, दोन महिने करून बघायचं, असं ठरलं. निघताना ब्रँटसाहेबांनी हात पुढे केला. "तुमच्या डेपोत किती ड्रायव्हर होते?"

"टू हंड्रेड टेन."

"माझ्याकडे चौदा आहेत आणि मला झोप लागत नाही."

कमिटीत पाच विरुद्ध दोन मतांनी ठराव झाला, एक नवा पोलीस आणि सेंटर आठवड्याचे पाचही दिवस चालू. बोर्डाने तो मान्य केला, पण काटछाट करूनच. नव्या पोलिसासाठी नवी गाडी मिळाली नाही. सेंटरवरची मदतनीस अर्ध्या वेळेची झाली. म्हाताऱ्यांना घरून आणणारी व्हॅन पाचऐवजी तीनच दिवस ठेवली. शोभना व्हॅनवरून बोर्डाशी दोनदा भांडली. काही उपयोग झाला नाही.

"मग आता?" श्रीरंगने विचारलं.

"आता मंगळवारी आणि गुरुवारी मी आणीन त्यांना," ती म्हणाली. "आपली मिनी-व्हॅन नुसती उभीच असते."

अशा रीतीने एप्रिलपासून शोभना रेगे ड्रायव्हर झाली. प्रल्हादराव पुढच्या सीटवर बसायचे, मांडीवर वही, त्यात कोणाला किती वाजता घ्यायचं ते लिहिलेलं. ती कोणाच्या दाराशी गप्पा मारत दोन मिनिटं जास्त रेंगाळली की ते खिडकीवर टकटक करायचे. मागे दोन पोलिश म्हातारे, पोस्टमन आणि रेडिओवाली ती म्हातारी. डेनिसने तिलाही सेंटरवर नेऊन सोडलं होतं आणि पहिल्याच आठवड्यात तिने रमीत सगळ्यांना हरवलं होतं. शोभनाही कधीकधी घरी न जाता तिथेच बसायची. पत्त्यांत तिला फारशी गती नव्हती. शाळेतून आलेल्या मुलांना ती रसायनशास्त्र शिकवायला लागली, आणि त्यात तिचे तीन-चार तास कसे जायचे ते तिला कळायचं नाही.

सगळं काही जादू झाल्यासारखं सुधारलं नाही. बुधवारचे कॉल उतरले, पण शाळांच्या सुट्ट्या लागल्या आणि सेंटर संध्याकाळी पाचला बंद व्हायला लागलं, तेव्हा पुन्हा थोडे वाढले. दोन पोलिसांनी पाचला ड्युटी बदलण्याबद्दल कुरकुर केली, कारण त्यांच्या मुलांचे बेसबॉल सामने चुकायचे. त्यांच्यासाठी प्रल्हादरावांनी अदलाबदलीचा एक वेगळा तक्ता करून दिला. ऑगस्टमध्ये ओक स्ट्रीटवर आणखी एक घरफोडी झाली. पोलीस सात मिनिटांत पोचले. चोर तोवर पळाला होता. पण त्या घरच्या बाईने दुसऱ्या दिवशी शोभनाला फोन करून सांगितलं, की ती ड्राइव्हवेत उभी राहून थरथरत असताना कोणीतरी इतक्या लवकर आलं, याचाच तिला फार आधार वाटला. शोभनाला ते नीट समजलं.

सप्टेंबरात मार्जबाईंचं पत्र आलं. पुढच्या वर्षीच्या कमिटीवर शोभना राहणार का, आणि मिस्टर वैरागडे नागरिक नसले तरी सल्लागार म्हणून बसतील का, असं त्यात विचारलं होतं. शोभनाने ते मंगळवारी व्हॅनमध्ये प्रल्हादरावांना वाचून दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं. मग वही उघडली, कोरं पान काढलं आणि पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं.

"ताई, या गावात बर्फ काढायच्या गाड्या किती आहेत?" त्यांनी विचारलं.

शोभनाने तो प्रश्न इंग्रजीत सांगताच मागे बसलेले चौघंही एकदम बोलायला लागले. या विषयावर प्रत्येकाची काही ना काही तक्रार होती. शोभनाने गाडी चालू केली आणि सिग्नलला उजवीकडे वळली.